गाडीचा सातबारा कुठे मिळतो?

मुळशी तालुक्यात कोणी गुंठाभर जमीन घ्यायची म्हटली, तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: सातबारा दाखवा. त्यामागोमाग फेरफार, मग मोजणीचा नकाशा. भूगाव, पिरंगुट, पौड या पट्ट्यात जमिनीला जसजसा भाव चढला, तसतसा हे कागद वाचायचा सराव घराघरात झाला. ‘मुळशी पॅटर्न’ हा २०१८ चा चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांना जमीन हातची गेली की काय होते, हे वेगळे सांगायला नको.

आता याच तालुक्यातल्या एखाद्या फार्महाऊसच्या शेडमध्ये या. ताडपत्रीखाली एक जुनी गाडी उभी आहे. फियाट असेल, पद्मिनी असेल, टाटा सिएरा असेल, क्वचित एखादी अमेरिकन प्लायमाउथ. विकणारा दोन वाक्ये ऐकवतो. ‘साहेब, गाडी पूर्ण ओरिजिनल आहे’ आणि ‘या कलरमध्ये फक्त शंभरच निघाल्या होत्या’. या दोन वाक्यांवर किंमत काही लाखांनी वर सरकते. शंभर कोणी मोजल्या, हे कोणी विचारत नाही. जमिनीच्या बाबतीत तलाठ्यालाही दोनदा विचारणारा माणूस गाडीच्या बाबतीत एकदम भाविक होतो.

कारण उघड आहे. विचारायचे कुठे, असे दफ्तरच त्याला माहीत नाही.

आरसी आहे ना, मग आणखी काय हवे?

आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. ते गाडीचा आजचा मालक सांगते, चेसिस आणि इंजिनचे क्रमांक सांगते, पहिल्या नोंदणीची तारीख सांगते. म्हणजे सातबाऱ्याचे काम करते. पण गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यात कोणते इंजिन होते, रंग कोणता होता, ती कोणत्या दिवशी तयार झाली आणि कोणत्या डीलरकडे गेली, हे आरसीत सापडत नाही. ती माहिती कारखान्याच्या रजिस्टरमध्ये असते. जमिनीच्या भाषेत सांगायचे तर तो मूळ मोजणीचा नकाशा. सातबारा कितीही स्वच्छ असला, तरी बांधाचा वाद निघाला की शेवटी नकाशाच उघडावा लागतो.

नोंदणीची तारीख आणि निर्मितीची तारीख एक नसते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण मुंबईतच आहे. कुर्ल्यातले पद्मिनीचे उत्पादन २००० - ०१ च्या सुमारास थांबले. पण काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेव आरटीओत झाली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली आणि तिच्या निरोपाच्या बातम्या सर्वत्र झळकल्या. फक्त आरसी पाहून कोणी या गाडीला ‘२००३ ची पद्मिनी’ म्हटले, तर ते कागदावर बरोबर आणि कारखान्याच्या दृष्टीने चूक ठरेल.

हा फरक आता केवळ हौशी लोकांच्या गप्पांपुरता उरलेला नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांसाठीच ती रस्त्यावर काढायची. आणि मुख्य अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

मूळ स्वरूप म्हणजे नेमके कोणते? नियमांनुसार राज्याची समिती गाडी तपासते. समितीतले अधिकारी जाणकार असतीलही, पण त्यांनी गाडी ताडून पाहायची कशाशी? १९७० च्या दशकात आलेल्या सुरुवातीच्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. त्यातल्या अनेकींच्या पोटात मधल्या काळात डिझेल इंजिन बसले, रंग बदलला, टॅक्सीच्या खासगी आणि खासगीच्या टॅक्सी झाल्या. मूळ नोंद हाती नसेल तर निर्णय नजरेवर होणार. ज्या मालकाने प्रामाणिकपणे जुने इंजिन जपले, त्याला त्याचा पुरावा देता येणार नाही. आणि ज्याने भंगारातल्या गाडीची पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावली, त्यालाही कोणी खोटे पाडू शकणार नाही.

अमेरिकेत हे कसे चालते?

तिकडे या प्रश्नावर एक अख्खा व्यवसाय उभा आहे, आणि तो उभा राहिला मसल कारमुळे. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवायचे आणि तरुणांना परवडेल अशा दरात विकायचे, ही १९६० च्या दशकातली कल्पना. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ हे तिचे ठळक उदाहरण. गंमत म्हणजे १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हे स्वतंत्र मॉडेलच नव्हते. ‘ले मान्स’ या गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचे ते एक पॅकेज होते. त्यामुळे या दोन वर्षांतल्या गाडीच्या चेसिस क्रमांकावरून ती जीटीओ आहे की साधी ले मान्स, हे कळत नाही. पुढे जीटीओचे भाव आकाशाला भिडले, तेव्हा साध्या ले मान्सवर बिल्ले ठोकून तिला जीटीओ करणे कोणालाही जमू लागले.

यातून सुटका केली ती कारखान्याच्या बिलांनी. पाँटिअॅकची जुनी इन्व्हॉइस जपली गेली होती. ‘पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’ ही संस्था फी घेऊन चेसिस क्रमांकानुसार त्यांची प्रत देते. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांचा उत्पादन डेटाबेस केव्हिन मार्टी यांच्याकडे कंपनीच्या परवान्याने आहे. त्यांच्या अहवालात गाडी तयार झाल्याची तारीख, डीलर, रंग, बसवलेली जादा उपकरणे आणि अशाच जोडणीच्या एकूण किती गाड्या निघाल्या, हेही मिळते. मस्टँग विकताना ‘मार्टी रिपोर्ट’ नसेल, तर खरेदीदार भुवया उंचावतो.

सगळीकडे असे सुखाचे चित्र नाही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या काळातल्या शेव्हरोले गाड्यांच्या तपशीलवार नोंदी बहुतांशी उरल्या नाहीत. शेजारच्या कॅनडात विकल्या गेलेल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या मात्र आहेत. एकच कंपनी, बहुधा एकाच प्रकारची गाडी, पण सीमेच्या अलीकडे कागद आहे आणि पलीकडे नाही. १९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरो झेडएल-१ या ६९ च गाड्या बनल्या होत्या, हे आज ठामपणे सांगता येते. पण तुमच्या समोरची गाडी त्या ६९ पैकीच आहे का, हे सिद्ध करायला इंजिनवरचे पंचिंग, पाट्या आणि जुनी डीलर-कागदपत्रे धुंडाळावी लागतात.

क्रायस्लरची गोष्ट तर आणखी खास. त्यांच्या ऐतिहासिक विभागाकडची बिल्ड कार्डे १९६७ पर्यंतची. त्यानंतरच्या गाड्यांचे, म्हणजे नेमक्या सर्वात महागड्या मसल कारचे, हौशी लोकांनी तुकड्या-तुकड्यांनी जुळवलेले. असेंब्ली लाइनवर कामगारांना सूचना देणारा कागद ‘ब्रॉडकास्ट शीट’ म्हणून ओळखला जाई. काम झाले की तो बऱ्याचदा सीटच्या स्प्रिंगांत कोंबलेला राही. चार-पाच दशकांनी सीट उसवताना तो सापडला की मालकाला लॉटरी लागल्यासारखे होते. १९७१ ची प्लायमाउथ हेमी ‘कुडा’ कन्व्हर्टिबल फक्त ११ च्या आसपास बनली असे मानतात. त्यातली एक २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरच्या बोलीला गेली. एका तळलेल्या, तेलकट कागदाला एवढे वजन असू शकते.

कुर्ल्याचा कागद कुठे गेला?

प्लायमाउथ हे नाव महाराष्ट्राला परके नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, ती क्रायस्लरशी करार करूनच. डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवल्या जात. परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि कुर्ल्यात गाडी उभी राहायची. त्याआधी, १९२८ पासून, शिवडीत जनरल मोटर्सही हेच करत होती. सरकारने १९५३ मध्ये ‘इथे गाड्या बनवण्याचा कार्यक्रम असेल तरच राहा’ असे धोरण घेतल्यावर तिने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, फियाट ११०० घेतली, १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आणली आणि फियाटचे नाव सुटल्यावर आधी ‘प्रेसिडेंट’, मग ‘पद्मिनी’.

म्हणजे आज एखाद्या शेडमध्ये उभ्या असलेल्या १९५० च्या दशकातल्या कुर्ल्याच्या प्लायमाउथचा इतिहास दोन देशांत वाटला गेला आहे. पेटीत काय आले ते क्रायस्लरच्या दफ्तरात, आणि त्या पेटीतून नेमके काय उभे राहिले ते कुर्ल्याच्या. डेट्रॉइटला पत्र लिहून अर्धेच उत्तर मिळणार. उरलेले अर्धे जिथे असायला हवे, त्या कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत.

कंपनीला दोष देण्याआधी कायदा पाहायला हवा. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपली की कंपनी मोकळी. चेसिस रजिस्टर कायमचे ठेवा, असे तिला कोणी सांगितलेले नाही. गोदाम रिकामे करायचे असते, रद्दीवाला दारात उभा असतो, आणि १९७८ च्या डिस्पॅच रजिस्टरचे कोणाला काय काम असणार? पुण्यात पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. त्याच शहराच्या उंबरठ्यावर बनलेल्या लाखो स्कूटरच्या नोंदींविषयी तेवढी आस्था कोणाला वाटली नाही. कदाचित कागद पुरेसा जुना व्हायच्या आधीच तो जुना म्हणून फेकला जातो, ही आपली जुनीच सवय.

मग आकडे कुठून काढायचे?

एक रस्ता अजून मोकळा आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या सहाव्या अनुसूचीनुसार कंपन्यांना वार्षिक अहवालात परवान्याची क्षमता, स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष उत्पादन हे नगांमध्ये छापावे लागे. लायसन्स राजला कितीही नावे ठेवा, संशोधकावर त्याचे हे उपकार आहेत. २०११ मध्ये ही अनुसूची नव्याने आखली गेली आणि हा तपशील गळाला. म्हणजे १९७५ साली एखाद्या कंपनीने किती वाहने बनवली हे तिच्याच अहवालातून काढणे, अलीकडच्या वर्षांपेक्षा सोपे. जुने अहवाल, टॅरिफ कमिशनचे वृत्तांत, संसदेतल्या प्रश्नोत्तरांचे खंड मोठ्या ग्रंथालयांत सापडतात. पुण्यात शोध सुरू करायचा तर गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय ही पहिली पायरी. टाटांच्या गाड्यांबाबत मंगलदास रस्त्यावरचे टाटा सेंट्रल आर्काइव्हज आहे. समूहाचे जुने कागद जपण्यासाठीच ते उभारले गेले.

हे आकडे वापरताना जपून राहावे लागते. आर्थिक वर्ष आणि कॅलेंडर वर्ष जुळत नाही. काही कंपन्यांचे वर्ष जूनमध्ये संपायचे, काहींचे मार्चमध्ये. ‘बनवलेल्या’ आणि ‘विकलेल्या’ गाड्या वेगळ्या. सगळी मॉडेल एकाच आकड्यात कोंबलेली. रंग किंवा जादा उपकरणांचा तर पत्ताच नाही. तेव्हा ‘या रंगात शंभरच निघाल्या’ हे वाक्य वार्षिक अहवालातून कधीच सिद्ध होणार नाही. ते कोणी ठामपणे सांगत असेल, तर त्याच्याकडे कारखान्याचे रजिस्टर आहे किंवा कल्पनाशक्ती.

दुसरा रस्ता गणिताचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवते, हे दोस्त राष्ट्रांना हवे होते. हेरांचा अंदाज ऑगस्ट १९४२ साठी १५५० होता. संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या रणगाड्यांवरचे अनुक्रमांक मांडून उत्तर काढले: ३२७. युद्धानंतर जर्मन दफ्तर उघडले, तेव्हा खरा आकडा ३४२ निघाला. सूत्र साधे आहे. सापडलेला सर्वात मोठा अनुक्रमांक घ्यायचा, त्याला नमुन्यांच्या संख्येने भागून आलेला भागाकार त्यात मिळवायचा आणि एक वजा करायचा. एखाद्या मॉडेलच्या पाच गाड्या मिळाल्या आणि सर्वात मोठा क्रमांक ६०० असेल, तर अंदाज ६०० अधिक १२० वजा १, म्हणजे ७१९.

जुन्या गाड्यांच्या मंडळींनी आपापल्या बॉनेटखालच्या पाट्यांचे फोटो एका जागी जमवले, तरी हा हिशेब करता येईल. मात्र सूत्राचा एक हट्ट आहे: क्रमांक एकापासून सलग हवेत आणि नमुना सरभेसळ हवा. कंपन्या मध्येच क्रमांकांचा गठ्ठा सोडून देतात, नव्या मॉडेलला गोल आकड्यापासून सुरुवात करतात, आणि टिकलेल्या गाड्यांत शेवटच्या वर्षांच्याच जास्त असतात. सतरा अक्षरी व्हीआयएनच्या आधी तर प्रत्येक कंपनीची क्रमांकाची तऱ्हा वेगळी. त्यामुळे हा अंदाज आहे, दाखला नाही. दाखला फक्त कारखाना देऊ शकतो.

आकुर्डीने खिडकी उघडावी

मसल कार हा थोड्यांचा शौक. त्यासाठी कंपन्यांनी कशाला राबावे, असे कोणी म्हणेल. पण मुळशीतल्या बहुतेक शेडमध्ये मस्टँग नाही, बजाज चेतक आहे. १९७२ मध्ये आलेली, नंबर लागायला वर्षानुवर्षे वाट पाहायला लावणारी. वडिलांनी बुकिंग करून ठेवलेली स्कूटर मुलाच्या लग्नाला मिळाली, अशी घरे या भागात कमी नाहीत. १९७२ च्या चेतकही आता ‘व्हीए’ नोंदणीच्या वयात आल्या आहेत. तिकडे चेतक इलेक्ट्रिक होऊन परतली, टाटांनी २०२५ मध्ये सिएराचे नाव पुन्हा आणले. दोन्ही वेळी जाहिरातींनी जुन्या गाडीच्या आठवणींवर यथेच्छ हात मारला. आठवण विकायला चालते, तर तिचा दाखला द्यायलाही चालायला हवे.

मागणी फार मोठी नाही. चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, निर्मितीची तारीख, रंग, कोणत्या डीलरकडे पाठवली. एवढ्या पाच गोष्टी. यात कोणाचे नाव नाही, पत्ता नाही, त्यामुळे खासगीपणाचा प्रश्न उद्भवत नाही. ब्रिटिश मोटर म्युझियम मॉरिस, ऑस्टिन, एमजी अशा गाड्यांचे असे ‘हेरिटेज सर्टिफिकेट’ फी घेऊन देते. गाड्या बनवणाऱ्या त्यातल्या मूळ कंपन्या केव्हाच मिटल्या, पण त्यांची रजिस्टरे संग्रहालयात पोहोचली. पुण्यातल्या चालत्या-बोलत्या कंपन्यांना हे अवघड का जावे? आणि बंद पडलेल्या कारखान्यांची उरलीसुरली दफ्तरे राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाने मागून घ्यायला काय हरकत आहे?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. असा डेटा खुला केला तर वाहनचोर खऱ्या क्रमांकांची यादी हाती घेऊन खोटे पंचिंग करतील. म्हणून यादी जाहीर करू नये. मालकाने आरसी आणि चेसिस प्रिंट दाखवावी, मग फक्त त्याच्या गाडीचा दाखला द्यावा. जमिनीच्या नकाशाची प्रत आपण अशीच मागतो.

कंपन्या जागा होईपर्यंत एक दफ्तर हाताशी आहे: आरटीओचे. १९८९ च्या नियमांनुसार नोंदणीच्या नमुना २० अर्जात चेसिस क्रमांकाची पेन्सिलने घासून घेतलेली प्रिंट चिकटवावी लागते. एजंट सेलोटेपने ती लावतात आणि विसरतात. पण मूळ पंचिंगची अक्षरे कशी होती, किती खोल होती, कोणता अंक जरा तिरका होता, याचा तो एकमेव तटस्थ पुरावा. माहिती अधिकारात मालक आपल्याच गाडीची ती फाइल मागू शकतो. पंधरा वर्षांनी फेरनोंदणीला गेलेल्या गाडीची दुसरी प्रिंटही त्यात असते. दोन्ही शेजारी ठेवल्या की डोळ्यांना फरक दिसतो. वाहन प्रणालीवर सगळे ऑनलाइन आल्यापासून या कागदी फाइली कपाटांतून गोदामांत, गोदामांतून आणखी आतल्या गोदामांत सरकत आहेत. महाराष्ट्रात २००५ पासून सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आहे, आणि आरटीओची फाइल हा सरकारी अभिलेखच. ती नष्ट करण्याआधी निदान चेसिस प्रिंटचे पान स्कॅन करा, असा एक ओळीचा आदेश परिवहन आयुक्तालय काढू शकते.